मुलाला खाण्याची ॲलर्जी असेल तर: अंगणवाडी, पाळणाघर, शाळा आणि मकतबमध्ये घ्यायची काळजी

लोणावळ्याच्या बाजारात दर चार पावलांवर चिक्कीचं दुकान आहे. शेंगदाणा, तीळ, काजू, बदाम, खोबरं, डाळ, राजगिरा, प्रकार मोजता येत नाहीत. मावळात कुणाच्या घरी जाताना हातात चिक्कीचा पुडा असतो, शाळेत वाढदिवसाला चिक्की वाटतात, झेंडावंदनाला चिक्की मिळते. सरकारी पोषण आहारातही ती आली. २०१५ मध्ये अंगणवाड्यांसाठी झालेल्या चिक्की खरेदीवरून राज्यात मोठा वाद झाला होता, तो अनेकांना आठवत असेल. बहुतेक मुलांसाठी गूळ आणि शेंगदाणा हा स्वस्त आणि ताकद देणारा खाऊ आहे. पण थोड्या मुलांसाठी त्याच चिक्कीचा एक तुकडा जिवावर बेतू शकतो.

अशी मुलं किती? शेजारच्या कर्नाटकात शाळकरी मुलांची मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात खरी अन्न-ॲलर्जी असण्याची शक्यता असलेली मुलं ०.१४ टक्के निघाली, म्हणजे हजारात एक किंवा दोन. आकडा लहान आहे, पण त्यामुळेच एक अडचण होते. अंगणवाडीच्या ताईंनी, पाळणाघर चालवणाऱ्या काकूंनी किंवा मकतबच्या उस्तादांनी असं मूल आयुष्यात कधी पाहिलेलं नसतं. अंगावर पित्त उठलं तर ‘उन्हाचं असेल’, उलटी झाली तर ‘पोट बिघडलं असेल’ असं म्हणून वेळ जातो.

न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये एलायजा सिल्वेरा नावाचा ३ वर्षांचा मुलगा पाळणाघरात ॲलर्जीच्या झटक्याने वारला. त्याला दुधाच्या पदार्थांची तीव्र ॲलर्जी होती आणि ही गोष्ट पाळणाघराला माहीत होती. तरीही त्याला चीज सँडविच दिलं गेलं. त्रास सुरू झाल्यावर लगेच ॲम्ब्युलन्स बोलावण्याऐवजी आईला फोन केला गेला. २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्याच्या नावाने कायदा केला आणि ॲलर्जीचा झटका कसा टाळायचा, कसा ओळखायचा आणि त्या वेळी काय करायचं, याची पद्धत पाळणाघरांना ठरवून दिली.

आपल्याकडे हे सगळं आई-बापाच्या तयारीवर चालतं. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘ॲलर्जी: शेंगदाणा’ लिहिलं म्हणजे मूल सुरक्षित झालं असं नाही. फॉर्म कपाटात असतो आणि मूल ताटासमोर. त्या घडीला मुलाजवळ जो माणूस उभा आहे त्याला तीन गोष्टी माहीत हव्यात: काय द्यायचं नाही, त्रास कसा ओळखायचा, आणि पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं. खालची माहिती याच तीन गोष्टींसाठी आहे.

ॲलर्जी म्हणजे काय, आणि काय नाही

शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या अन्नातल्या प्रोटीनला शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते, ती ॲलर्जी. खाल्ल्यानंतर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत त्रास दिसतो: ओठ-डोळे सुजणं, अंगावर गांधी उठणं, खाज, उलटी, खोकला, आवाज बसणं, दम लागणं. हा झटका एकाच वेळी श्वासावर किंवा रक्तदाबावर गेला तर त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यात जीव जाऊ शकतो.

दूध प्यायल्यावर पोट फुगणं किंवा जुलाब होणं हा बऱ्याचदा दुधातली साखर न पचण्याचा त्रास असतो. तो त्रासदायक असला तरी जिवावरचा नसतो. गव्हाने होणारा सीलिअ‍ॅक हा आजारही वेगळा. त्यात गहू आयुष्यभर बंद करावा लागतो, पण अचानक दम लागत नाही. आपल्या मुलाला यातलं नेमकं काय आहे हे बालरोगतज्ज्ञांकडून समजून घ्या, कारण काळजी त्यावर ठरते.

लहान मुलांमध्ये दूध आणि अंड्याची ॲलर्जी जास्त दिसते, आणि बरीच मुलं मोठी होता होता त्यातून बाहेर पडतात. शेंगदाणा, काजू-बदाम आणि मासे-कोळंबी यांची ॲलर्जी मात्र सहसा टिकून राहते. भारतातल्या डॉक्टरांना हरभरा आणि इतर डाळींची ॲलर्जी असलेली मुलंही भेटतात. परदेशी याद्यांमध्ये हरभरा बहुधा नसतो, म्हणून इथे वेगळं सांगितलं.

निदान करताना एक सावधगिरी

रक्ताच्या किंवा त्वचेच्या टेस्टमध्ये ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणजे ॲलर्जी आहेच असं नसतं. वर सांगितलेल्या कर्नाटकातल्या पाहणीत जवळपास १९ टक्के मुलांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची लक्षणं सापडली, पण प्रत्यक्ष ॲलर्जी हजारात एक-दोघांनाच होती. टेस्टच्या कागदावरून दूध, गहू, डाळ, अंडं सगळं बंद केलं तर मूल कुपोषित होईल. शेकडो पदार्थांची एकदम तपासणी करून देणाऱ्या महागड्या पॅकेजपासून दूर राहा.

डॉक्टरांकडे जाताना एक वही न्या. मुलाने काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने काय झालं, किती वेळ टिकलं, आधी तोच पदार्थ खाल्ला होता का, एवढं लिहा. शक्य असेल तर अंगावरच्या गांधींचा मोबाईलवर फोटो काढा. निदान निम्मं या वहीवरून होतं, टेस्ट त्यानंतर.

आपल्या स्वयंपाकात काय कुठे लपलेलं असतं

शेंगदाणा: दाण्याचं कूट आपल्याकडे मिठासारखं पडतं. उसळ, भरली वांगी, साबुदाणा खिचडी, काकडीची कोशिंबीर, ठेचा, सुकी चटणी, मिरचीचं सालन. पोह्यात आणि चिवड्यात दाणे दिसतात, सालनात दिसत नाहीत. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल टाळा, त्यात प्रोटीन शिल्लक राहतं. काजू महाग म्हणून काही ठिकाणी ग्रेव्हीत किंवा मिठाईत शेंगदाणा वापरतात, हेही ध्यानात ठेवा.

तीळ: तिळगूळ, चिक्की, काळा मसाला, कल्हईच्या भांड्यातलं सालन, बेकरीतल्या पावावर पेरलेले दाणे.

दूध: चहा, मिठाई, फज, शीरखुर्मा, फिरनी, बिर्याणीच्या मटणाला लावलेलं दही, पराठ्यावरचं तूप. तुपातही दुधाचं प्रोटीन थोडं राहतं. गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर शेळीचं किंवा म्हशीचं दूध देऊन बघू, असं घरातली मोठी माणसं हमखास सांगतात. ते करू नका. या दुधांतली प्रोटीनं इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाने त्रास होणाऱ्या बहुतेक मुलांना शेळीच्या दुधानेही होतो.

गहू: शेवया, मलिदा, हलीम, खिचडा, रवा, बिस्किट, पाव.

अंडं: केक, नानखटाईचे काही प्रकार, कबाब बांधण्यासाठी घातलेलं अंडं, मेयोनीज.

हरभरा: बेसन, भजी, डाळचा, चण्याच्या डाळीचा हलवा, फुटाणे.

एकाच कढईतल्या तेलात आधी कोळंबी तळली आणि मग बटाट्याची भजी काढली, तर भजीला कोळंबी लागलीच समजा. चिक्कीचंही तसंच. राजगिऱ्याची चिक्की शेंगदाण्याच्या चिक्कीच्याच ओट्यावर लाटली आणि त्याच सुरीने कापली गेलेली असू शकते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला बाजारची कुठलीच चिक्की देऊ नये, घरी केलेली द्यावी.

पाकीट कसं वाचायचं

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे बंद पाकिटावर आठ प्रकारच्या घटकांची सूचना द्यावी लागते: ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकडा वर्ग, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा आणि काजू-बदाम वर्ग, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सल्फाइट. पाकिटावर ‘कंटेन्स’ लिहिलं असेल तर तो घटक त्यात आहे. ‘मे कंटेन’ म्हणजे कारखान्यात तो लागला असण्याची शक्यता आहे. दोन्ही सारखेच टाळा.

या यादीत तीळ, मोहरी आणि हरभरा नाहीत. त्यांची ॲलर्जी असेल तर घटकांची पूर्ण यादी वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि सुटी मिठाई, फरसाण, बेकरीची बिस्किटं यांवर लेबलच नसतं.

दिवसभरात मूल कुणाकुणाच्या हाती असतं?

मावळातल्या एखाद्या पाच वर्षांच्या मुलाचा दिवस बघा. सकाळी अंगणवाडी किंवा बालवाडी, दुपारी पाळणाघर किंवा दादीजवळ, संध्याकाळी मकतब, मग शेजारच्या घरी खेळणं. चार ठिकाणी चार वेगवेगळी माणसं त्याला खाऊ देतात. प्रत्येक ठिकाणची गोष्ट वेगळी आहे.

अंगणवाडी. इथे सेविका आणि मदतनीस अशा दोघी असतात. आपण बोलतो सेविकाताईंशी, पण ताटात वाढते मदतनीस. त्यामुळे दोघींशी बोला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार मिळतो, त्याचा आठवड्याचा तक्ता मागून घ्या. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायला जी पाकिटं मिळतात, त्यांवरचे घटक दर वेळी वाचा, कारण मिश्रण बदलतं. ॲलर्जीमुळे नाव कमी करायची गरज नाही. वजन-उंची, लसीकरण आणि शिकणं यावर मुलाचा हक्क आहे. ‘घरून डबा आणतो, तोच द्या’ एवढी विनंती लेखी द्या.

शाळा. शालेय पोषण आहाराचा तक्ता सरकारी निर्णयाने बदलत असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं अशी सोय झाली. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधी थांबला. म्हणून प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला पुन्हा विचारा. स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या बाईंना एकदा भेटा, कारण कूट घातलं की नाही हे त्यांनाच ठाऊक असतं. आम्ही शिक्षक मंडळी मुलांना डबा वाटून खायला शिकवतो. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या वर्गात हा धडा थोडा बदलावा लागतो: जागा वाटून घ्या, गप्पा वाटून घ्या, डबा आपापला.

पाळणाघर. तळेगाव, लोणावळ्यात घरगुती पाळणाघरं बरीच आहेत. आई एमआयडीसीत किंवा हॉटेलात कामाला असते. ज्या आस्थापनेत ५० किंवा त्याहून जास्त कामगार आहेत तिथे पाळणाघराची सोय हवी, अशी तरतूद २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने आणली. मूल ठेवण्याआधी विचारा: स्वयंपाक इथेच होतो की डबे येतात? मुलं कुठे बसून खातात? मुख्य बाई नसतील तेव्हा मुलाकडे कोण बघतं? त्या व्यक्तीलाही सगळं माहीत आहे का?

मकतब आणि मदरसा. मकतबमध्ये जेवण नसतं, म्हणून आपण तिथे सांगत नाही. पण कुणाचं कुरआन खत्म झालं, कुणाची बिस्मिल्लाह झाली, कुणी नवस फेडला की मिठाई वाटली जाते आणि उस्ताद प्रेमाने प्रत्येकाच्या हातावर ठेवतात. अदबीमुळे मूल नको म्हणत नाही. उस्तादांना किंवा आपांना आधीच सांगा आणि मुलासाठी त्याला चालणाऱ्या खाऊचा एक डबा तिथे ठेवून द्या. इतरांना वाटलं की त्यालाही आपल्या डब्यातून मिळेल. मूल निवासी मदरशात असेल तर बावर्चीखान्यात स्वतः जाऊन बोला.

दादी, नानी, फुफी, खाला. सगळ्यात अवघड जागा हीच. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’, ‘थोडं थोडं दिलं की सवय होईल’, ‘नजर लागली आहे’. यांच्याशी वाद घालून उपयोग होत नाही. डॉक्टरांच्या भेटीला एकदा त्यांना सोबत न्या. डॉक्टरांनी तोंडाने सांगितलेलं आपल्या दहा वेळा सांगण्यापेक्षा जास्त चालतं. थोडं थोडं देऊन सवय लावायचा उपचार खरोखर आहे, पण तो तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, दवाखान्यात सुरू करतात. घरी करून बघायची ती गोष्ट नाही.

एका पानाचा कागद

प्रत्येक ठिकाणी सारखाच, एका पानाचा कागद द्या. मराठीत आणि गरज असेल तिथे उर्दूत किंवा हिंदीत, मोठ्या अक्षरात. तो फाइलमध्ये ठेवू नका, जिथे जेवण वाढतात तिथल्या भिंतीवर किंवा कपाटाच्या दाराला आतून लावायला सांगा. त्यात एवढं हवं:

१. मुलाचं नाव, वय, वजन, फोटो.
२. काय चालत नाही, पदार्थांच्या नावांसकट. नुसतं ‘शेंगदाणा’ लिहू नका. ‘शेंगदाणा: कूट, चिक्की, लाडू, चिवडा, चटणी, दाण्याचं सालन’ असं लिहा.
३. काय चालतं. हे लिहिलं नाही तर लोक भीतीने काहीच देत नाहीत आणि मूल उपाशी राहतं.
४. आधी त्रास झाला तेव्हा काय दिसलं होतं.
५. त्रास झाला तर काय करायचं, क्रमाने.
६. औषध कुठे ठेवलंय, मुदत कधी संपते.
७. १०८, आई, वडील, शेजारचं एक माणूस आणि डॉक्टर यांचे फोन.
८. डॉक्टरांची सही आणि तारीख. पालकांची लेखी संमती.

दर सहा महिन्यांनी वजन आणि तारखा बदलून नवा कागद द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. त्यातल्या डॉक्टरांनाही हा कागद दाखवा आणि मुलाच्या कार्डावर नोंद करून घ्या.

त्रास सुरू झाला तर

फक्त तोंडाभोवती थोड्या गांधी, खाज, थोडी सूज असेल: खाणं लगेच थांबवा, तोंड धुवा, डॉक्टरांनी लिहून दिलेलं ॲलर्जीचं औषध द्या, पालकांना कळवा आणि मुलाला नजरेआड करू नका. निदान दोन तास कुणीतरी जवळ बसायला हवं.

पुढचं काहीही दिसलं तर तो ॲनाफिलॅक्सिस समजा: सतत खोकला, घरघर, दम लागणं, आवाज बसणं किंवा घोगरा होणं, गिळायला त्रास, जीभ सुजणं, चेहरा पांढरा पडणं, मूल एकदम मलूल होणं, चक्कर, बेशुद्धी. अंगावर गांधी आणि सोबत पुन्हा पुन्हा उलट्या, हेही त्यातच मोजा. कधी कधी अंगावर एकही गांध नसते, तरी झटका असू शकतो.

तेव्हा या क्रमाने करा:

१. मुलाला आडवं झोपवा, पाय थोडे वर. दम लागत असेल तर बसतं ठेवा. चालवू नका, उभं करू नका, कडेवर उभं धरून पळू नका.
२. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ असेल आणि ते द्यायला शिकलेलं माणूस असेल तर लगेच द्या. जागा: मांडीचा मधला, बाहेरच्या बाजूचा भाग.
३. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी १०८ ला फोन करावा आणि ‘ॲलर्जीचा तीव्र झटका, लहान मूल, श्वासाचा त्रास’ असे शब्द वापरावेत.
४. मग आई-वडिलांना फोन. आधी नाही.
५. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुसरा डोस.
६. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच. काही तासांनी झटका परत येऊ शकतो, म्हणून डॉक्टर देखरेखीखाली ठेवतात.

हे करू नका: बोट घालून उलटी काढणं, हळदीचं दूध किंवा लिंबूपाणी पाजणं, खाजेच्या गोळीची वाट बघणं. सेट्रिझीनसारखी गोळी खाज कमी करते, पण बंद होत चाललेला श्वास उघडत नाही. दुआ आणि दम जरूर करा, पण ॲम्ब्युलन्समध्ये बसून करा.

ब्रिटनमध्ये अन्नाच्या ॲलर्जीने झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खाल्ल्यापासून श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मधला काळ साधारण ३० मिनिटांचा होता. शनिवार-रविवारी पावसाळ्यात भुशी डॅमच्या रस्त्यावर गाड्या अडकलेल्या असतात, आंदर मावळ किंवा पवन मावळातल्या आतल्या वाडीतून मोठं रुग्णालय लांब असतं. मावळात ३० मिनिटं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. औषध दवाखान्यात असून भागत नाही, ते मुलाजवळ असावं लागतं.

इंजेक्शनचं काय करायचं?

परदेशात आपोआप टोचणारं पेन मिळतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही आणि महाग पडतं. पण त्यातलं औषध, ॲड्रेनलिन, साध्या काचेच्या ॲम्प्यूलमध्ये मिळतं आणि ते स्वस्त आहे. जगभर पाळला जाणारा हिशेब असा: वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मुलांसाठी एका वेळी जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅम. हा हिशेब समजण्यासाठी दिला आहे. आपल्या मुलाचा डोस डॉक्टरांकडूनच कागदावर लिहून घ्या, सिरिंजवर त्याची खूण करून घ्या आणि ॲम्प्यूल फोडून औषध ओढण्याचा सराव पाण्यावर त्यांच्यासमोर करा.

औषध उन्हापासून आणि थेट उजेडापासून दूर ठेवा, गाडीच्या डिकीत नको. रंग बदलला किंवा मुदत संपली की नवं आणा. ते कुलूपबंद कपाटात ठेवू नका. मुलांचा हात पोचणार नाही, पण मोठ्यांचा लगेच पोचेल अशा जागी ठेवा.

अंगणवाडीच्या ताई किंवा उस्ताद म्हणतील, ‘सुई टोचायची आमची हिंमत नाही.’ त्यांची भीती खरी आहे, जबरदस्ती करू नका. इथे एक सोपी वाट आहे. लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंजवळ ॲनाफिलॅक्सिसचं किट असतं, कारण लसीनंतर क्वचित असा झटका येऊ शकतो. त्यात हेच ॲड्रेनलिन असतं आणि ते कसं द्यायचं याचं प्रशिक्षण त्यांना मिळालेलं असतं. महिन्याच्या लसीकरण सत्राला सेविकाताई आणि नर्सताई एकाच छताखाली असतात. त्या दिवशी मुलाला घेऊन जा, कागद दाखवा आणि नर्सताईंना पाच मिनिटं समजावून सांगायला विनंती करा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांकडेही आधीच विचारून ठेवा: ॲड्रेनलिन ठेवता का, रात्री कोण असतं? मोठ्या उपचारांसाठी तळेगाव दाभाडेचं भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालय, आणि त्यापुढे पिंपरी-चिंचवड, पुणे आहे. पण पहिली सुई गावातच मिळायला हवी.

रमजान, ईद आणि दावती

वर्षभर काटेकोर असलेल्या घरातही चूक होते ती सणाला, कारण त्या दिवशी मूल दहा घरी जातं.

शीरखुर्म्यात दूध, गव्हाच्या शेवया, काजू, बदाम, पिस्ता, चारोळी हे सगळं एकत्र असतं. ॲलर्जी असलेल्या मुलाला ईदच्या सकाळी घरून पोटभर खाऊन पाठवा आणि ईदी घ्यायला जाताना मोठं भावंडं सोबत द्या. रमजानमध्ये मशिदीत इफ्तारला मुलांची गर्दी असते, एका थाळीत चौघं खातात, भजी-समोसे-फळं एकत्र मिसळतात. मुलाची थाळी वेगळी ठेवा. शब-ए-बरातचा चण्याच्या डाळीचा हलवा, मुहर्रमचं दूध आणि मेव्याचं शरबत, खिचडा, अकीक्याचं सालन, उरुसातला मलिदा, या प्रत्येकात वरच्या यादीतलं काहीतरी असतंच.

दावत देणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. एखादी आई म्हणाली की ‘याला हे चालत नाही’, तर ‘एक घास खाल्ल्याने काय होतंय’ असा आग्रह करू नका. ‘यात काय काय घातलंय ते सांगते, तू ठरव’ एवढं म्हटलं तरी खूप झालं. तबर्रुक नाकारणं म्हणजे बेअदबी नव्हे. घरी नेऊन कुणा दुसऱ्याला देता येतं.

मुलाला काय शिकवायचं?

तीन-चार वर्षांचं मूल एक वाक्य पाठ करू शकतं: ‘मला शेंगदाणा चालत नाही, अम्मीला विचारते.’ पाच-सहा वर्षांचं मूल घसा खाजतोय, तोंडात कसंतरी होतंय हे लगेच मोठ्यांना सांगायला शिकतं. सात-आठ वर्षांनंतर पाकीट वाचायला शिकवा. घाबरवू नका. ‘मरशील’ असं सारखं ऐकणारं मूल त्रास लपवतं. वर्गात कुणी चिडवलं, मुद्दाम कूट लावलं, तर ती मस्करी समजू नका. शिक्षकांना त्याच दिवशी सांगा.

हात धुण्याची सवय सगळ्या वर्गाला लावा. शेंगदाण्याचे अंश साबण-पाण्याने किंवा ओल्या पुसणीने जातात, सॅनिटायझरने जात नाहीत. खाऊन झाल्यावर चटई आणि टेबल पुसणंही तितकंच गरजेचं आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शेजारी कुणी शेंगदाणे खाल्ले तर नुसत्या वासाने झटका येतो का? सहसा नाही. धोका खाण्यात आणि हात तोंडात जाण्यात आहे. मासे किंवा कोळंबी शिजताना निघणाऱ्या वाफेने मात्र काही मुलांना दम लागतो.

म्हणजे सगळ्या अंगणवाडीत शेंगदाणा बंद करावा का? गरज नाही. इतर मुलांसाठी तो स्वस्त आणि चांगला आहार आहे. ॲलर्जी असलेल्या मुलाची जागा, ताट, चमचा आणि डबा वेगळा ठेवणं, हात धुणं आणि मोठ्यांचं लक्ष, एवढ्याने काम होतं. वेगळं बसवताना त्याला कोपऱ्यात एकटं बसवू नका, चालणारं अन्न खाणारा एक दोस्त शेजारी बसवा.

पहिल्या मुलाला ॲलर्जी आहे, दुसऱ्याला शेंगदाणा उशिरा द्यावा का? पूर्वी असंच सांगत. २०१५ मध्ये लंडनमधल्या ६४० बाळांवरच्या अभ्यासाने हे मत बदललं. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू करून नियमित दिला, तर पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी ८० टक्क्यांहून जास्त घटली. आपल्याकडे वरचं अन्न सहा महिन्यांनंतर सुरू होतं, तेव्हा अगदी बारीक कूट पेजेत मिसळून देता येतं. बाळाला इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाच वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला अख्खे दाणे किंवा कडक चिक्की देऊ नका, ॲलर्जी नसली तरी. घशात अडकते.

अंड्याची ॲलर्जी आहे, गोवरची लस द्यायची का? हो. गोवर-रुबेलाची लस अशा मुलांनाही देतात. नर्सताईंना ॲलर्जीची कल्पना द्या, पण लस चुकवू नका.

या आठवड्यात करायची कामं

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी या आठवड्यात चार कामं उरकून घ्यावीत. डॉक्टरांकडून एका पानाचा कागद आणि डोस लिहून घ्या. मूल जिथे जिथे जातं त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन, जेवण वाढणाऱ्या माणसाच्या हातात तो द्या. ‘याला त्रास झाला तर पहिला फोन कुणाला?’ असं विचारा, आणि उत्तर ‘१०८’ येईपर्यंत समजावा. औषधाची मुदत तपासा.

ज्यांच्या घरी असं मूल नाही, त्यांच्यासाठी एकच काम. पुढच्या वेळी मकतबमध्ये किंवा वर्गात मिठाई वाटायची असेल, तर आधी विचारा: ‘यातलं कुणाला काही चालत नाही का?’